राउटर रीस्टार्ट केला की चालू, काही तासांनी पुन्हा बंद: गेटवे कंपनीच्या क्लाउडमध्ये असेल तर दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. फायबरचा दिवा हिरवा, वायफायच्या रेघा पूर्ण, तरी टीव्हीवर इंटरनेट नाही. थोड्या वेळाने प्रिंटर दिसेनासा होतो, मग लॅपटॉप. राउटर बंद करून चालू केला की सगळं जागेवर येतं आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. कंपनीचा माणूस येऊन राउटर बदलून देतो. नवा राउटरही तसाच वागतो.

राउटर बदलून उपयोग होत नाही, कारण ज्याला आपण राउटर म्हणतो त्यात राउटरची बहुतेक कामं उरलेलीच नसतात. घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणं म्हणजे डीएचसीपी, पत्त्यांची अदलाबदल म्हणजे नॅट, फायरवॉल, पोर्ट फॉरवर्डिंग, मुलांसाठीची बंधनं ही कामं कंपनीने आपल्या डेटा सेंटरमध्ये नेलेली असतात. घरात उरतो तो मोडेम, स्विच आणि वायफाय एवढंच सांभाळणारा बॉक्स. ब्रॉडबँड फोरमने २०१६ मध्ये टीआर-३१७ या दस्तऐवजात ही रचना नीट मांडली: घरात ब्रिजसारखा, म्हणजे आलेला डेटा तसाच पुढे सोडणारा बॉक्स, कंपनीकडे प्रत्येक घराच्या नावाचा एक व्हर्च्युअल गेटवे, म्हणजे घरातल्या नेटवर्कचं बाहेर जायचं दार सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोघांना जोडणारी एक तार्किक लिंक. ही लिंक कधी थेट व्हीएलएएनवर, म्हणजे त्याच जाळ्यात वेगळ्या राखलेल्या वाटेवर असते, कधी जीआरई किंवा व्हीएक्सलॅनच्या टनेलमधून, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं गुंडाळून जाते. घरातल्या इथरनेट फ्रेम जशाच्या तशा या लिंकवरून क्लाउडपर्यंत पोचतात.

म्हणून इथे दोष शोधताना पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नसून "ते काम नेमकं कुठे चालतं" हा आहे. तो सोडून केलेला प्रत्येक रीस्टार्ट म्हणजे अंधारात मारलेला दगड.

गेटवे घरात आहे की बाहेर

दोन मिनिटांत कळतं. लॅपटॉप लॅन केबलने बॉक्सला जोडा. वायफायवर ही चाचणी करू नका, कारण वायफाय स्वतःच काही मिलिसेकंदांची भर घालतं. नेटवर्कच्या माहितीत डीफॉल्ट गेटवेचा पत्ता बघा आणि त्याला वीसेक पिंग, म्हणजे "आहेस का" असं विचारणारी छोटी पॅकेटं पाठवा. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत असेल तर गेटवे बॉक्समध्येच आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. उत्तराला सातत्याने काही मिलिसेकंद लागत असतील तर गेटवे घराबाहेर आहे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो म्हणून तो घरातच असेल, असं धरू नका. क्लाउडमधला गेटवेही तुमच्या घराला तोच पत्ता दाखवतो.

दुसरी खूण मॅक पत्त्याची, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क ओळख क्रमांकाची. कमांड खिडकीत "एआरपी -ए" दिल्यावर गेटवेसमोर जो मॅक दिसतो तो बॉक्सच्या स्टिकरवरच्या मॅकशी जुळवून बघा. स्टिकरवरचा आणि बॉक्स वापरतो तो यांत शेवटच्या एकदोन आकड्यांचा फरक असू शकतो, ते ठीक. पण सुरुवातच वेगळी असेल, किंवा मॅक ००-००-५ई-००-०१ ने सुरू होत असेल, तर तो गेटवे बॉक्सचा नाही. ही शेवटची सुरुवात व्हीआरआरपी या पद्धतीसाठी राखीव आहे. दोन यंत्रं मिळून एकच पत्ता सांभाळतात तेव्हा ती दिसते.

बंद पडलेलं असताना रीस्टार्ट करू नका

रीस्टार्टने लिंक नव्याने जोडली जाते, व्हर्च्युअल गेटवे पुन्हा बांधला जातो आणि पुरावा पुसला जातो. आधी या गोष्टी टिपून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे:

१. सगळी उपकरणं एकदम पडली की एकेक करून? नोंदींमध्ये सर्वांत मोलाची नोंद हीच.
२. पडलेल्या उपकरणाचा आयपी पत्ता. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने तो स्वतः घेतला आहे.
३. पत्ता नीट असेल तर गेटवेला पिंग जातं का.
४. एका वायफाय उपकरणावरून दुसऱ्याला पिंग जातं का. जात असेल तर बॉक्सचा स्विच आणि वायफाय ठणठणीत आहेत.
५. घड्याळातली वेळ, मिनिटासह.

सगळी उपकरणं एकदम पडली, पत्ते शाबूत आहेत आणि गेटवेला पिंग जात नाही, तर लिंक किंवा टनेल तुटलं आहे. एकेक करून पडली असतील तर पत्त्यांकडे बघा. फक्त काही संकेतस्थळं अडत असतील तर पॅकेटच्या आकाराकडे.

एकेक करून पडणं: लीजचा हिशेब

डीएचसीपीचा पत्ता उसना असतो, ठरावीक मुदतीसाठी; या उसनवारीला लीज म्हणतात. मुदतीचा निम्मा काळ सरला की उपकरण पत्ता देणाऱ्या सर्व्हरला थेट विचारतं, "वाढवून देता का?" उत्तर आलं नाही तर ८७.५ टक्के काळ सरल्यावर ते सगळ्या नेटवर्कला हाक मारतं. मुदत संपली की पत्ता सोडावाच लागतो. एक तासाच्या लीजमध्ये हे टप्पे ३० मिनिटं, ५२ मिनिटं ३० सेकंद आणि ६० मिनिटं असे येतात. म्हणजे सुरळीत चालू असलेल्या उपकरणाचा पत्ता जायला क्लाउडचा संपर्क लीजच्या निम्म्या काळाइतका तरी तुटलेला असावा लागतो.

सर्व्हर घरातल्या बॉक्समध्ये होता तेव्हा फायबर तुटली तरी लीज वाढत राहायची. इंटरनेट नसलं तरी प्रिंटर चालायचा. आता सर्व्हर लिंकच्या पलीकडे आहे, त्यामुळे बाहेरची लाइन तुटली की घरातलं नेटवर्कही हळूहळू विरत जातं. प्रत्येक उपकरणाने पत्ता वेगवेगळ्या वेळी घेतलेला असतो, म्हणून ती एकेक करून पडतात. लीज दहा मिनिटांची ठेवलेली असेल तर पाच मिनिटांचा खंडही पुरतो. पत्त्यांचा साठा लवकर मोकळा व्हावा म्हणून मुदत आखूड ठेवली जाते, पण घराच्या नेटवर्कला ती घातक आहे. लाइन वरचेवर पडत असेल तिथे २४ तासांपेक्षा कमी लीज ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लीज किती आहे ते विंडोजवर "आयपीकॉन्फिग /ऑल" मध्ये दिसतं: पत्ता कधी मिळाला आणि कधी संपणार, या दोन वेळांमधला फरक काढा. त्याच ठिकाणी डीएचसीपी सर्व्हरचा पत्ताही असतो, तो टिपून ठेवा. पुढे लागेल.

दुसरा सापळा रीस्टार्टमध्येच आहे. बॉक्स चालू झाल्यावर वायफाय आधी उठतं, क्लाउडशी लिंक नंतर जुळते. मधल्या काळात फोन, टीव्ही, कॅमेरे वायफायला जोडले जातात, पत्ता मागतात, उत्तर मिळत नाही आणि १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतात. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, पण काही छोटी उपकरणं बराच वेळ विचारतच नाहीत. माणूस म्हणतो, "रीस्टार्ट केला तरी टीव्ही चालत नाही," आणि पुन्हा रीस्टार्ट करतो. इंटरनेटचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि मग फक्त अडलेल्या उपकरणाचं वायफाय बंद-चालू करा.

कायमचा उपाय: प्रिंटर, नेटवर्क स्टोरेज, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर अशा जागेवरून न हलणाऱ्या उपकरणांना त्यांच्याच सेटिंगमध्ये स्थिर पत्ता द्या. कंपनीच्या पोर्टलवर पत्त्यांची रेंज दिसते, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२००. स्थिर पत्ता त्याच सबनेटमधला (म्हणजे सुरुवात तीच, इथे १९२.१६८.१) पण या रेंजच्या बाहेरचा निवडा आणि गेटवेचा स्वतःचा पत्ता चुकूनही उपकरणाचा पत्ता म्हणून देऊ नका. पोर्टलवर "रिझर्व्हेशन" करणं, म्हणजे एका उपकरणासाठी एक पत्ता राखून ठेवणं, हा स्थिर पत्ता नव्हे. रिझर्व्हेशन केलेला पत्ताही डीएचसीपीतूनच येतो, त्यामुळे क्लाउड तुटल्यावर तोही जातो. ही गल्लत फार जण करतात.

नवा फोन जोडला की जुना टीव्ही पडतो

हे लक्षण विचित्र वाटतं, पण त्याचं कारण सरळ आहे. घरात खरा राउटर होता तेव्हा कंपनीच्या यंत्रणेला तुमच्या घरातून एकच मॅक पत्ता दिसायचा, राउटरचा. आता बॉक्स ब्रिज झाल्यामुळे, लिंक टनेलऐवजी थेट व्हीएलएएनवर असेल तर घरातल्या प्रत्येक उपकरणाचा मॅक वर पोचतो. कंपनीच्या ओएलटी किंवा डीएसलॅमवर, म्हणजे अनुक्रमे फायबरच्या किंवा तांब्याच्या लाइन जिथे एकत्र येतात त्या यंत्रावर, प्रत्येक लाइनसाठी मॅकची मर्यादा घातलेली असते. ती जुन्या हिशेबाने कमी ठेवलेली राहिली, की मर्यादा भरल्यावर नव्या उपकरणाच्या फ्रेम वर घेतल्याच जात नाहीत. त्याला पत्ता मिळत नाही. एखादं उपकरण काही वेळ गप्प राहिलं की त्याची नोंद गळते, जागा नव्याला मिळते आणि आता जुनं उपकरण बाहेर. स्विचमध्ये नोंद गळण्याची प्रचलित मुदत ३०० सेकंद आहे.

ओळखायचं कसं: चालू उपकरणं मोजा. मग पाच-सहा उपकरणं बंद करून दहा मिनिटं थांबा आणि अडलेलं उपकरण जोडा. लगेच पत्ता मिळाला, आणि बंद केलेली परत चालू केल्यावर नेहमी ठरावीक संख्येलाच गाडं अडलं, तर मर्यादा सापडली. ती संख्या कंपनीला सांगा. हे तुमच्या बाजूने सुटणारं नाही, त्यांनाच ओएलटीवर बदल करावा लागतो.

फोनची स्वतःची सवय यात भर घालते. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खऱ्याऐवजी खासगी मॅक वापरतात, आणि आयओएस १८ मध्ये तो काही काळाने बदलत राहण्याचा पर्यायही आला. एकच फोन क्लाउडला दोन-तीन उपकरणांसारखा दिसतो. मुलांसाठी लावलेली वेळेची बंधनं "आपोआप" निघून जातात ती याच कारणाने: नियम जुन्या मॅकवर असतो, फोन नवा मॅक घेऊन फिरतो. घरच्या वायफायपुरता फोनच्या सेटिंगमध्ये खासगी पत्ता "स्थिर" ठेवा किंवा बंद करा. बाहेरच्या वायफायवर तो चालूच राहू द्या.

काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्ध्यावर अडतात

मेसेज जातात, शोध चालतो, पण एखादं पान फिरत राहतं किंवा फाइल चढवताना अडते. हे टनेलच्या ओझ्याचं लक्षण आहे. साधं इथरनेट १५०० बाइटचं आयपी पॅकेट नेतं. व्हीएक्सलॅन त्यावर ५० बाइटची वेष्टनं चढवतो, त्यामुळे मधलं जाळं १५०० चंच असेल तर आतल्या पॅकेटला १४५० उरतात. बाहेरचं वेष्टन आयपीव्ही६ चं असेल तर १४३०. इथरनेट वाहणाऱ्या जीआरईला ३८ बाइट लागतात, म्हणजे उरले १४६२. त्यात की वापरली असेल तर आणखी ४ बाइट जातात, १४५८. पीपीपीओई ही लॉगिनची पद्धत वापरात असेल तर तिचे ८ बाइटही वजा.

पॅकेट मोठं असल्याचा निरोप पाठवणाऱ्याकडे परत पोचला तर तो आकार कमी करतो. पण वाटेत एखाद्या फायरवॉलने तो निरोप गिळला तर मोठी पॅकेटं नुसती हरवत राहतात. लहान पॅकेटं जातात, म्हणून पिंग व्यवस्थित दिसतं आणि कस्टमर केअरवाला म्हणतो, "लाइन ओके आहे."

मोजायचं असं. विंडोजवर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला "पिंग -एफ -एल १४७२" द्या. लिनक्सवर "-एम डू -एस १४७२", अॅपलच्या मॅक संगणकावर मोठ्या डीचा पर्याय आणि "-एस १४७२". या आकड्यात २८ बाइटचं शीर्ष मिळवलं की १५०० होतात. उत्तर आलं नाही तर १४६४ करा, मग १४३४, १४३०, १४२२, १४०२. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवा. १४२२ ला आलं तर तुमची मर्यादा १४५०, आणि टनेल व्हीएक्सलॅनचं असण्याची शक्यता बरीच.

खरा उपाय कंपनीकडे आहे: मधल्या जाळ्याची क्षमता १६०० किंवा जास्त बाइटची करणं, नाहीतर व्हर्च्युअल गेटवेवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार, आवळणं. १४५० च्या मर्यादेला आयपीव्ही४ चा एमएसएस १४१० बसतो, आयपीव्ही६ चा १३९०. तोपर्यंत कामाच्या लॅपटॉपवर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, हाताने १४५० केला तर निभावतं. प्रत्येक उपकरणावर हे करत बसू नका, टीव्ही आणि कॅमेऱ्यांत ती सोयही नसते.

चार मिनिटांनी गायब होणारा मीडिया सर्व्हर

प्रिंटर दिसतो, पण टीव्हीला घरातला मीडिया सर्व्हर सुरुवातीला दिसून चार-पाच मिनिटांनी नाहीसा होतो. याचा उलगडा वेळेतच आहे. बॉक्समधला स्विच आयजीएमपी स्नूपिंग करत असेल तर कोणत्या पोर्टवर कोणता मल्टिकास्ट गट (एकाच वेळी अनेक उपकरणांसाठी असलेला प्रवाह) हवा याची नोंद तो ठेवतो, आणि ती नोंद ताजी ठेवायला कुणीतरी ठरावीक वेळाने विचारणा करावी लागते. पूर्वी ती विचारणा राउटर करायचा. ते काम क्लाउडमध्ये गेलं आणि तिथे कुणी सुरूच केलं नाही, किंवा लिंकवर विचारणा अडली, तर नोंद मूळ ठरलेल्या मूल्यांनुसार २६० सेकंदांनी गळते. मीडिया सर्व्हर शोधायला लागणारी एसएसडीपी ही पद्धत २३९.२५५.२५५.२५० या गटावर चालते, त्यामुळे ती या गळतीच्या तावडीत सापडते. प्रिंटर शोधायला वापरली जाणारी एमडीएनएस ही पद्धत २२४.०.०.२५१ वर असते आणि २२४.०.० ने सुरू होणारे गट स्नूपिंगने अडवायचे नसतात, म्हणून प्रिंटर सुटतो.

बॉक्सच्या पानावर स्नूपिंग बंद करायची सोय असेल तर बंद करून बघा. कंपनीच्या टीव्ही सेवेचे चॅनेल मल्टिकास्टने येत असतील तर मात्र बंद करू नका, सगळं वायफाय त्या प्रवाहाने भरून जाईल. तिथे कंपनीकडे क्वेरिअर, म्हणजे वर सांगितलेली विचारणा करणारी सोय, चालू करण्याची मागणी करा.

पहाटे तुटून सकाळपर्यंत "ऑफलाइन"

व्हर्च्युअल गेटवेची देखभाल बहुधा रात्री होते. तुमचा गेटवे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला आणि नॅटची नोंदवही सोबत नेली नाही, तर चालू असलेली सगळी कनेक्शन नव्या गेटवेला अनोळखी ठरतात. फोन-लॅपटॉप लगेच नवं कनेक्शन उघडतात. कॅमेरा, सेन्सर, स्मार्ट प्लग मात्र जुनं कनेक्शन जिवंत समजून बसतात. लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणात टीसीपीची जिवंतपणाची चाचणी मुळात ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास ते गप्प राहू शकतं. अशा वेळी बॉक्स सोडा, ते उपकरणच रीस्टार्ट करा. दर आठवड्याला त्याच वाराला, त्याच वेळी होत असेल तर तारखा लिहून कंपनीला द्या.

व्हीपीएन किंवा इंटरनेट फोन काही मिनिटं शांत राहिल्यावर तुटत असेल तर कारण वेगळं. या सेवा बहुधा यूडीपी ही पॅकेट पाठवायची पद्धत वापरतात; तिची नॅट नोंद निदान दोन मिनिटं टिकावी आणि शक्यतो पाच, असं आरएफसी ४७८७ हा इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज सांगतो. प्रत्यक्षात कमी काळ ठेवलेली आढळते. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये कीपअलाइव्ह, म्हणजे नोंद जिवंत ठेवणारं पॅकेट पाठवायची वेळ, २५ सेकंद ठेवा, इंटरनेट फोनच्या सेटिंगमध्ये ३० च्या आत.

स्वतःचा राउटर मध्ये घातला असेल तर

तो बॉक्सच्या लॅन पोर्टला स्वतःच्या लॅन पोर्टने जोडला असेल तर घरात दोन डीएचसीपी सर्व्हर भांडतात. क्लाउडमधला दुरून उत्तर देतो, तुमचा जवळून, त्यामुळे शर्यत बहुतेक वेळा तुमचाच जिंकतो, आणि उपकरणांना मिळणारा गेटवे भलताच असतो. मघाशी टिपलेला डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता इथे कामी येतो: वेगवेगळ्या उपकरणांवर तो वेगळा दिसला की निदान झालं. राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवण्याच्या मोडमध्ये टाका.

वॅन पोर्टने जोडायचा असेल तर दोन्हीकडचं सबनेट एक असता कामा नये. क्लाउडकडून १९२.१६८.१ येत असेल तर आपल्या राउटरला १९२.१६८.५० द्या. अशा जोडणीत मॅकच्या मर्यादेचा प्रश्न सुटतो आणि लाइन तुटली तरी घरातले पत्ते टिकतात. बदल्यात नॅट दुहेरी होतं आणि कंपनीच्या पोर्टलवरची उपकरणवार बंधनं निकामी होतात, कारण तिला पुन्हा एकच मॅक दिसतो. घरात बरीच उपकरणं असतील तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसेल तर आधी पोर्टलवर गेटवेचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर पुढे आणखी एक सामायिक नॅट आहे आणि तुमचा नियम कितीही बरोबर असला तरी तो चालणार नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा किंवा आयपीव्ही६ वापरा.

रीस्टार्ट करायचाच असेल तर, आणि तक्रार कशी लिहायची

दहा सेकंद नव्हे, दहा मिनिटं बंद ठेवा. ३०० सेकंदांच्या मॅक नोंदी आणि २६० सेकंदांच्या मल्टिकास्ट नोंदी तेवढ्यात गळतात, आणि क्लाउडकडचं जुनं सेशनही बहुधा सुटतं. लगेच चालू केलेला बॉक्स त्याच अर्धवट सेशनला जाऊन चिकटू शकतो. फॅक्टरी रीसेट टाळा: बिघडलेली नोंद वर असते, रीसेट खाली होतो, आणि लिंकची सेटिंग परत उतरेपर्यंत तुम्ही पूर्ण बंद.

तक्रारीत "नेट स्लो आहे" असं लिहिलं की ती पहिल्याच खिडकीवर मिटवली जाते. त्याऐवजी असं लिहा: अमुक तारखेला २१:४२ ला केबलवरच्या लॅपटॉपवरून गेटवेला पिंग बंद, लॅपटॉपचा पत्ता शाबूत, वायफाय उपकरणांत आपापसात पिंग चालू, २१:५१ ला आपोआप सुरू, रीस्टार्ट केलेला नाही. सोबत लीजची मुदत, पॅकेटची मोजलेली मर्यादा, चालू उपकरणांची संख्या, बॉक्सचा मॅक आणि गेटवेचा मॅक द्या. मग स्पष्ट शब्दांत विचारा: त्या नऊ मिनिटांत माझ्या लाइनची लिंक व्हर्च्युअल गेटवेकडून सुटली होती का, आणि गेटवे त्या वेळी दुसऱ्या सर्व्हरवर हलवला गेला का? ही नोंद फक्त त्यांच्याकडे असते, घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला ती दिसत नाही. म्हणून घरभेटीची वेळ स्वीकारण्याआधी तक्रार नेटवर्क विभागाकडे वर्ग करून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.